ताटीआडचा पाय

दादा, तुमाले 'तुमी' म्हनाची ही माही पहिलीच वेळ आहे, अन् लिहिता लिहिताच माहे कान गरम होऊन राह्यले. 'दादा' तरी मी कुठी म्हनलं कधी? ते तं हे म्हनतेत, माह्या घरचे, तुमचे लहाने भाऊ. मी त्याईची बायको, तुमी माहे भासरे. भासऱ्याच्या समोर याचं नाई, त्याईच्या अंगाले हात लावाचा नाई, त्याईच्या बाजेवर बसाचं नाई, अन् बोलाचं तं बिलकूल नाई. लगन होऊन आली तवा माह्या आईनं हे सारं मले शिकवून धाडलं होतं, अन् मी पाळलं. एका घरात राह्यलो आपन, एकाच चुलीवरचं खाल्लं, अन् तुमचं तोंड मी पुरं पायलं ते परवा, तुमी गेल्यावर.

पाय मात्र पायला होता. तुमचा उजवा पाय मले माह्या नवऱ्याच्या पायापेक्षा जास्त माहीत आहे. हे लिहून मीच पेन्सिल खाली ठेवली अन् दाराकडे पायलं का कोनी आलं तं नाई. पन खरं तेच आहे. टाचेच्या भेगा कुठी कुठी आहेत, करंगळीजवळ शिंगाड्या मासोळीनं काटा मारला होता ते गाठ, घोट्यावर डोंग्याची किनार घासून घासून झालेला काळा घट्टा, सारं. एवढं कोनी भासऱ्याचं पाहू नाई. मी पायलं.

आता बोलल्याशिवाय घर चालते का? त्याच्यासाठी समोरच्या सपरीतला तो मधातला खांब होता, आपल्या दोघाईचा. तुमी तलावावरून आले का दारातूनच खाकराचे, मी पदर वढून आतमंधी पळाची, अन् तुमी खांबाले म्हनाचे, "खांबा, मासोळी लहान आहे आज, सांग तिले, काटे पाहून वाढ म्हना."

मी आतून म्हनाची, "खांबा, त्याईले सांग, बिनकाट्याची मासोळी तलावात कोनी सोडली अजून?"

जाऊबाई मधात बसून पदर तोंडाले लावून हासाच्या. म्हनाच्या, "त्या खांबाले एक दिवस वाचा फुटन अन् तो तुमाले दोघाईले शिव्या देईन."

मले वाटे का आपलं मोठं मजेत चाललं आहे. मजेतच चाललं होतं. पन कोनाशी बोलाचं असन अन् खांबाशीच बोलता येत असन तं त्यात किती राहून जाते, हे तवा समजलं नाई.

मंग तुमच्या अंगावरून वारं गेलं. उन्हाचे दिवस, हे भामरागडाकडे बांबूच्या आगारावर राखनीले गेले होते, अन् तुमी तलावात कमरेएवढ्या पान्यात जाळं वढून राह्यले होते. तुमच्या संगं जाळं वढनारा लटारी बुढा सांगे का तुमी जाळं सोडून एकाएकी पान्यातच बसले, जसं कोनी खाटेवर बसते. चौघाईनं उचलून आनलं. तोंड वाकडं, उजवा हात लोंबता, उजवा पाय लोंबता. मी बांबूच्या ताटीच्या आड उभी होती, अन् जाऊबाईले पानी नेऊन देवाले सुद्धा बाहेर नाई आली, काऊन का चार मानसं अन् तुमी तिथीच होते. ती लाज तवाची.

तोंड सरळ झालं हळूहळू, हातही वर जावाले लागला. पन पाय उलटा वागला. आधी लोंबे, मंग आखडत गेला. तुमी सारा दिवस बाजेवर गुडघा पोटाशी घेऊन पडून राहाचे, तेच बरं वाटे, अन् तेच वाईट होतं. गुडघा वाकला तो वाकलाच. रात्री पायात असे गोळे येत का तुमी दात खाऊन कन्हत, अन् आमी दोघी जावा अलीकडे जाग्या. गुडघ्यामागची चामडी घामानं सोलली. धोतर नेसताना जाऊबाईची किती तारांबळ, अन् बाकीचं तं मी लिहीतच नाई, तुमाले आवडनार नाई.

तुमाले काय पाहिजे होतं ते मले माहीत होतं. साऱ्या गावाले माहीत होतं. तलावाचं पानी उतरलं का सारे ढिवर मिळून मोठं जाळं टाकतेत, अन् जाळं कुठून कुठी फिरवाचं ते डोंग्यात समोर बसून तुमी सांगाचे. तुमच्या बापानंतर तुमीच. अन् डोंगा म्हनजे एका झाडाचं खोड कोरलेलं, त्यात पाय लांब करूनच बसा लागते. गुडघा वर काढून बसलं का वजन वर येते अन् डोंगा कलंडते. पाय सरळ नाई तं डोंगा नाई. अन् डोंगा नाई तं तुमी कोन? हे तुमी खांबाले इचारलं होतं एक दिवस, हळूच. मी आतून ऐकलं, अन् चुलीतलं लाकूड आत सारलं.

मंग गोंडपिपरीकडून तो हाडवैद आनला लटारी बुढ्यानं. दोघाईनं तुमाले खांद्याले धरलं अन् त्यानं पाय धरून हासडला. "जोर लावा, जोर लावा, सुटन!" तुमी जे वरडले दादा, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. पाय सुटला नाई, उलटा गुडघा सुजला अन् आनखी पोटाशी गेला.

मले रागच आला. काऊन का मले माहीत होतं! माहा लहाना भाऊ ताप येऊन एका पायानं अधू झाला होता, अन् आई त्याले चांद्याच्या दवाखान्यात घेऊन गेली तवा तिथल्या नर्सबाईनं आईले शिकवलं होतं अन् आईनं मले. आखडला पाय हासडाचा नाईच. ज्याचा पाय आहे त्यानं काईच नाई कराचं, वढाचं नाई, ताठवाचं नाई, आपला पाय दुसऱ्याच्या हवाली कराचा अन् पडून राहाचं. दुसऱ्यानं आधी शेक द्याचा, मंग हळू न्याचा, जिथी अडते तिथी थांबाचं. थांबाचं म्हनजे नुसतं धरून राहाचं. श्वास चालू ठेवाचा. थोड्या येळानं तेच अडलेलं इतकुसं सैल पडते, तवा इतकुसं पुढं. दुखून वरडाले लागला का जास्त झालं, मागं या. हे रोज, रोज, रोज. माह्या भावाची टाच अशीच टेकली जमिनीले. मी आपल्या डोळ्यानं पायली. वाळलेलं जाळं कसं कडक होते, ते वढून सरळ कराले गेलं का तुटते, भिजवून टांगून ठेवलं का आपल्याच वजनानं सैल होते, तसंच आहे हे. तुमाले तं हे एका वाक्यात समजलं असतं. पन सांगाचं कोनी?

जाऊबाईले सांगतलं मी. त्याईची बोटं वातानं वाकडी, तुमचा पाय उचलनं त्याईच्यानं होत नव्हतं. घरचे भामरागडाकडे, अन् पानी लागलं का तिकडचे रस्ते बंद, पोळ्याआधी येनं नाई. राह्यली मी.

जाऊबाई म्हने, "तू हात लावशीन? भासऱ्याले?"

"हात नाई लावत, बाई."

"मंग का फुंकर मारून सरळ करशीन?"

मी म्हनलं, "थांबा, दाखवते."

अन् मी ताटी आनली, स्वयंपाकाच्या खोलीची, बांबूची. ते उभी केली बाजेच्या पायथ्याशी, खालून हातभर जागा सोडून. म्हनलं, त्याईले पालथं झोपवा, मांड्या बाजेवर, गुडघ्याखालचा पाय बाजेबाहेर, ताटीच्या खालून माह्याकडे. तुमी पलीकडे बसा, गुडघ्यामागं कोंड्याच्या गरम पुरचुंडीनं शेका. मी इकडून घोट्याच्या फासात थैली लटकवते. थैलीत का, तं तुमच्याच जाळ्याच्या गोट्या, भाजल्या मातीच्या. एक एक टाकीन. वजन पाय वढन, मी नाई वढनार. हात लागनारच नाई.

जाऊबाईनं माह्याकडे पायलं अन् म्हनल्या, "तुह्या आईनं तुले काय खाऊन पैदा केलं वं?"

पहिल्या दिवशी ताटीखालून तुमचा पाय आला अन् मी पाहूनच डोळे मिटले. खरं सांगते, मले रडू आलं लाजेनं. माहा पदर कपाळापर्यंत, समोर कोनी नाई, नुसता एक पाय, तरी वाटे सारं गाव पाहून राह्यलं. जाऊबाईनं फास घातला घोट्याले. मी थैली लटकवली. अन् माह्या बांगड्या वाजल्या, अन् तुमचा पाय ताठला! असा ताठला का थैली वर उचलल्या गेली. तुमाले वारं गेलं होतं तरी लाज गेली नव्हती ना. मले हासू आलं, अन् हासलेलं ऐकून तुमी आनखी ताठले.

दुसऱ्या दिवशीपासून मी बांगड्या वर सरकवून त्याच्यावर चिंधी बांधाले लागली.

मंग आपलं भांडन सुरू झालं, आठवते का? मी म्हनाची, "खांबा, त्याईले सांग, पाय ढिला सोडा. आपला नाईच असं समजा."

तुमी पालथ्यानंच उशीत तोंड घालून म्हनाचे, "खांबा, तिले सांग, आपला नाई तं कोनाचा आहे? तुहा का?"

"खांबा, त्याईले सांग, इतकं लवकर नाई होत."

"खांबा, तिले सांग, चार गोट्या आनखी टाक, मी काय लेकरू आहे?"

"टाकनार नाई म्हना."

"टाक म्हना."

"पाय सुजला तं मंग कोनाले सांगान?"

"खांबालेच."

तुमाले जोर पाहिजे होता. जन्मभर वढत आले तुमी, जाळं वढा, डोंगा वढा, जे अडलं ते वढा. नुसतं पडून राहाचं अन् वजनानं आपलं आपलं होऊ द्याचं, हे तुमाले पटलंच नाई शेवटपर्यंत. हे भांडन अर्धंच राह्यलं. आज मी जिंकली असती दादा, पन जिंकून करू काय?

पन गुन आला! मले सांगितल्याशिवाय राहावत नाई, किती गुन आला. आधी रात्रीचे गोळे कमी झाले, जाऊबाई म्हने, "काल झोपले पुरे." मंग गुडघ्यामागं हवा लागाले लागली, चामडी भरून आली. कंबर दुखे ते थांबलं, काऊन का आता तुमाले सरळ पडता येत होतं. मंग एका दिवशी तुमी आपलं धोतर आपन नेसले, बाजेवर बसून, अन् खांबाले मोठ्यानं सांगतलं, जसं का कोनतं जाळं भरून मासोळी आनली. रोज ताटीखालून येनारा पाय बोटभर बोटभर लांब होत होता. आधी घोटा दिसे, मंग अर्धी नळी दिसाले लागली. मी थैली लटकवून ठेवाची अन् तिथीच बसून तांदूळ निवडाची, अन् कधी कधी तुमी घोराले लागत. तवा पाय खरोखर ढिला पडे. तेवढाच. जागे असताना मी इकडे हाललीही तरी त्याच्यात एक ताठपना राहेच. मी मनात म्हनाची, हा एवढा ताठपना काढला का डोंगा आलाच.

काढता नाई आला.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. मी तलावावर लुगडी धुवाले गेली. पारबताबाई, पलीकडच्या गल्लीतली, ते अन् तिच्या संगच्या दोघी तिघी तिथीच होत्या. पारबताबाई धुता धुताच म्हने, "काऊन वं, भासऱ्याचा पाय दाबते म्हने तू?"

मी म्हनलं, "दाबत नाई, हातही लावत नाई."

"मंग का डोळ्यानं दाबते?"

साऱ्या हासल्या. एक म्हने, "नवरा तिकडे बांबू मोजून राह्यला अन् हे इकडे पाय मोजून राह्यली." पारबताबाई म्हने, "दोर बांधते म्हने पायाले. आमी तं बाप्पा बैलालेच दोर बांधतो." अन् मंग हळूच, हासनं थांबवून, "माय, ताटीच्या अलीकडून असो का पलीकडून, लोकाचं तोंड दोन्हीकडे जाते. तुह्या नवऱ्याच्या कानावर गेलं म्हनजे?"

मी ओली लुगडी तशीच खांद्यावर घेऊन घरी आली. रस्ताभर मले वाटे का माह्या पाठीवर कोनी कायतरी लिहिलं आहे. घरी आल्यावर थैली घेतली, ताटी लावली, बसली. अन् तुमचा पाय आलाच नाई खालून.

तुमी म्हनलं, "खांबा, तिले सांग, आजपासून राहू दे."

कोनी सांगतलं तुमाले? लटारी बुढा येऊन गेला होता का? मी इचारलं नाई. मी म्हनलं, "खांबा, त्याईले सांग, आता थांबलं का पाय मागं जाते."

"जाऊ दे म्हना."

"डोंगा?"

तुमी म्हनले, "खांबा, तिले सांग, डोंगा एका मानसाचा असते. इज्जत साऱ्या घराची."

आता ऐका दादा. मले तवा वाद घालाले पाहिजे होता. मी पदरानं तोंड पुसलं अन् ताटी उचलून आत ठेवली. अन् मले बरं वाटलं. होय. वाईट वाटलं ते मंग, रात्री. आधी बरं वाटलं, का उद्या तलावावर मले कोनी काई म्हननार नाई. तुमी माही लाज वाचवाले आपला पाय देल्ला, अन् मी तो घेतला, अन् वरून सुटल्यासारखं वाटलं मले. याची जे शरम आहे ते लिहून जात नाई. मी लिहून पायली.

घरचे आले पोळ्याले. त्याईले सांगतलं. बिचारे दोन दिवस बसले पायाजवळ, पन त्याईचा हात तुमच्यासारखाच, वढ अन् वढ. तुमी वरडले, ते घाबरले, मंग परत आगारावर गेले. पाय मागं मागं गेला. मी स्वयंपाकाच्या खोलीतून पाहाची. बाजेबाहेर आता नळी दिसे नाई, घोटाही नाई.

उन्हाळ्यात पानी उतरलं. तुमाले बाजेवर उचलून तलावाच्या पाळीवर नेलं, मीही गेली होती, बायांच्या मागं, पदरातून पाहत. तुमी म्हनले बसवून तं पाहा. चौघाईनं डोंग्यात बसवलं. गुडघा वर. डोंगा एकदा इकडे, एकदा तिकडे, अन् तुमी पान्यात. सारे धावले, काढलं. तुमी पानी थुंकून हासले अन् लटारी बुढ्याले म्हनले, "मासोळ्याईले भेटून आलो, म्हनतेत का आता बुढ्याले त्रास नोका देऊ." सारी पाळ हासली. मी हासली नाई. तुमीही हासत नव्हते, मले तुमचा पाय दिसून राह्यला होता ना, काठावर, चिखलात. तो हासत नव्हता. बोटं आत वळलेली.

त्याच्यानंतर तुमी खांबाशी कमी बोलाले लागले. मी आतून एखादी गोष्ट टाकाची, "खांबा, सांग, कोचईचे कांदे टाकले मासोळीत, कशी झाली?" तुमी नुसतं "हं." मले माहीत होतं का थैली अजून तिथीच आहे, दाराच्या मागं. गोट्याही मी जाळ्याले परत बांधल्या नव्हत्या. म्हनावं वाटे, चला, घाला पाय, लोकाच्या तोंडाले लागो आग. रोज म्हनावं वाटे. तोंडापर्यंत ये अन् पदराशी थांबे.

अन् परवा सकाळी जाऊबाई चहा घेऊन आल्या तं तुमी उठलेच नाई.

घरचे तवा इथीच होते, देवाचीच दया. त्याईनं अन् लटारी बुढ्यानं तुमाले सपरीत खाली घेतलं. अंग गरम होतं अजून. जाऊबाई छाती बडवून रडत होत्या, मी आत ताटीच्या मागं. गडीमानसं जमली. कोनीतरी म्हनलं, "पाय सरळ करा, अंगठे बांधा लागतीन." दुसरा म्हनला, "तो कसा होईन सरळ? जित्तेपनी नाई झाला." अन् लटारी बुढा, त्याचं वाईट नाई होतं मनात, पन तो म्हने, "मुसळ आना. गुडघ्यावर ठेवून दोघं दाबा. आता का दुखनार आहे त्याले?"

मले तो हाडवैद आठवला नाई, काई आठवलं नाई. मी "थांबा!" म्हनलं. खांबाले नाई, मानसाईले. मोठ्यानं. माह्या घरचे मान वर करून ताटीकडे पाहाले लागले, जसं का ताटीच बोलली.

मी म्हनलं, "जोर नोका लावू कोनी. दाबू नोका."

लटारी बुढा म्हने, "मंग कराव काय, बाई? असाच गुडघा वर घेऊन न्याव?"

जाऊबाईनं रडनं थांबवलं. म्हनल्या, "ये वं इकडे. बाहेर ये."

मी आली. पदर होता, पन हात तं बाहेरच होते ना. तुमच्या पायाजवळ बसली. दादा, मी तुमाले हात लावला. साऱ्या गावासमोर. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. मी मनात तयारी करून होती का शेक द्या लागन, थांबा लागन, हळू हळू, किती येळ लागन कोन जाने, अन् लोक पाहत राहातीन.

अन् पाय गेला. टाचेखालचा हात मी नुसता खाली नेला तं गुडघा मागं मागं आपल्या वजनानं सरळ होत गेला, काई नाई अडलं. थोडासा बाक राह्यला, बस. टाच जमिनीले टेकली. एवढं हलकं. जे ताठपन मले कधी काढता नाई आलं, ते कुठीच नव्हतं.

लटारी बुढा म्हने, "सुटला बिचारा."

मी तशीच बसून राह्यली. मले समजलं का इतके दिवस मी वजन वाढवत होती ते तुमच्या लकव्यासाठी, अन् अर्धा लकवा तं मी होती. मी ताटीच्या या बाजूले आहे, एवढ्यानंच तुमी पाय आखडून धरत होते. तुमी ढिला सोडू शकत नव्हते, अन् मी रोज वरून म्हनाची सोडा, सोडा. तुमाले लाज होती, मले लाज होती, अन् मधात तो पाय. कोनाची इज्जत वाचली त्याच्यानं? लोक तरीही बोललेच.

मंग अंगठे बांधले. मी वर पायलं तवा तुमचं तोंड दिसलं. मले वाटे तुमी रागीट असान. तुमचं तोंड तं ह्याईच्यासारखंच आहे, फक्त मिशी जास्त पांढरी. तेवढंच पायलं. मंग तुमाले नेलं.

काल दुपारी पारबताबाई आली. मले वाटलं आता काय म्हनते बाप्पा, भासऱ्याले हात लावला त्याच्यावरून. ते दारात उभी राह्यली, आत नाई आली. इकडची तिकडची बोलली, जाऊबाईले समजावलं. मंग जाता जाता मले बाजूले घेऊन म्हने, "तुले माहीत आहे ना, माह्या सासऱ्याचा हात. खांद्यापाशी आखडला. जेवता येत नाई त्याईले. तू ते थैलीचं मले सांगशीन का?"

मी म्हनलं, "थैली नाई. ताटी नाई. मी येईन अन् हात लावून करीन. तू समोर बस, तुह्या सासूले बसव, पन मी हात लावीन. अन् आधी त्याईले इचार, चालन का म्हना."

ते माह्या तोंडाकडे पाहत राह्यली. म्हने, "सासऱ्याले इचारू? असं?"

"हो. असंच."

"पाहते," म्हने, अन् गेली. अजून आली नाई. येईन का नाई कोन जाने.

तुमी 'नाई'च म्हनले असते दादा, मले पक्कं माहीत आहे. भासरे होते तुमी. पन तुमाले तं मी एवढंही कधी इचारलं नाई.